परतीची फेरी

अक्षय तृतीयेपर्यंत तात्याची जागा कुणाला देत नाही, असं कोंडीरामभाऊजी दिवाळीत दवाखान्यात येऊन सांगून गेले होते. दिवाळीत बसून बघितलं की अक्षय तृतीया फार लांब वाटते. मी मान डोलावली, त्यांनी आणलेली मोसंबी खाटेखाली ठेवली, आणि विषय तिथंच राहिला.

तात्या म्हणजे आमचे हे, तात्याराव. मंडईत एकोणतीस वर्षं हातगाडी चालवतात. चार चाकांची लाकडी गाडी, मागं आडवा लोखंडी दांडा, तो धरून ढकलायची. टेम्पो बाहेर रस्त्यावर थांबतो. तिथून माल आत गाळ्यावर पोचवायचा. अकरा जणांची टोळी, कोंडीराम तिचा मुकादम. बारावा माणूस टोळीत घेत नाहीत, कारण काम अकरालाच पुरतं. एखादा आजारी पडला तर त्याच्या जागी बदली माणूस येतो. आंब्याचा हंगाम भरात आला की मात्र टोळी पुरी लागते, आणि मग सोक्षमोक्ष होतो. आजारी माणूस गाडीवर परत उभा राहिला तर जागा त्याची, नाहीतर बदलीवाल्याची. ही रीत कुठं लिहिलेली नाही, पण मोडलेली मी तरी बघितली नाही.

हे पडले ते धनत्रयोदशीला, झेंडूची पोती उतरवताना. उजवा हात गळाला, तोंड वाकडं झालं आणि उभेच्या उभे खाली आले. त्यांना उचलून गाडीवर घातलं आणि तशीच गाडी पळवत दवाखान्यात नेलं ते दशरथनं. दशरथ हा कोंडीरामभाऊजींच्या बहिणीचा मुलगा, तिशीतला, दोन लेकरांचा बाप. आणि ह्यांच्या जागी बदलीला लागला तोही दशरथच. म्हणजे माझी पंचाईत बघा. ज्याचे पाय धरायचे, त्याचाच राग यायचा. बरं, माणूस चांगला, त्यामुळं रागही नीट काढता येईना.

जीव वाचला हेच खूप, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू उजवा हात परत आला, पाय परत आला, पण अर्धामुर्धा. मूठ आवळायची. पाऊल उचललं की मात्र अंग भेलकांडायचं, मग भिंत धरायची. आमचं घर हडपसरला, दोन खोल्या. भिंतीला कमरेच्या उंचीवर ह्यांच्या हाताचा काळा पट्टा उठला. जीभ जड झाली. बोलायला लागले की शब्द तोंडात अडकायचा, आणि आपलाच शब्द आपल्याला ऐकू आला की हे चिडून गप बसायचे.

पोटाला काही कमी नव्हतं, हे आधीच सांगते. मी सदाशिव पेठेत मथुराकाकूंच्या मेसमध्ये पोळ्या करते, रोजच्या दोनशे. निकिता, आमची मुलगी, आयटी पार्कात रिसेप्शनला बसते. दोघींचं मिळून नीट चाललं होतं. पण ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. सकाळी मी निघताना भिंतीकडं, संध्याकाळी आले तरी भिंतीकडं. ताट ठेवलं तसं असायचं. जागा गेली तर हा माणूस भिंतीकडनं वळायचा नाही, एवढं मला कळून चुकलं होतं.

जयंतीला दरवर्षी हे पांढरा सदरा घालून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं असतात. यंदा तोच सदरा मी ह्यांना घातला, बटणं मी लावली आणि दारात खुर्चीवर बसवलं. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली. पोरांनी हात केला, "जय भीम, तात्या!" ह्यांनी डावा हात वर केला. मग मिरवणूक पुढं जायच्या आतच मला खूण केली, खुर्ची आत घे. मला रडू आलं. निकितालाही आलं असणार, पण ती मोबाईलमध्ये तोंड घालून बसली.

त्याआधी तिनं वॉकर आणला होता, अ‍ॅल्युमिनियमचा. "पप्पा, एका बोटानं उचलतो, बघा किती लाइट आहे," म्हणाली. हे दोन पावलं गेले आणि वॉकर ह्यांच्याही पुढं निघाला. मी मधे आडवी झाले म्हणून बरं. त्या दिवसापासून त्याच्यावर टॉवेल वाळतात.

जयंतीनंतर दोन दिवसांनी हे सकाळी उठून बसले आणि कामाची खाकी पँट मागायला लागले.

"कुठं निघाला?"

"गा... गाडी."

"अवो, चालता येईना आन् गाडी?" पेठेत राहून राहून माझी बोली सुधारलीय, पण घाबरले की बार्शीकडचीच बाहेर येते.

"आका... जी," म्हणाले. अक्षय तृतीयेला आमच्यात आखाजी म्हणतात. म्हणजे भिंतीकडं बघून हा माणूस दिवस मोजत होता.

बसमध्ये जागा मिळाली. स्वारगेटला उतरून रिक्षा केली. मंडईत पाय ठेवला तर कैऱ्यांचा, ओल्या पोत्यांचा वास, आणि ह्यांनी नाक भरून तो वास घेतला. टोळी धावत आली. चहा आला. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी खांदा दाबला. कोंडीरामभाऊजी तर लहान पोरासारखे हसत होते.

"तात्या, बस बस. आलास तेच लै झालं."

"गाडी," हे म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? मग ते उठले, एका मोकळ्या गाडीवर त्यांनी कोथिंबिरीचे चार क्रेट ठेवले आणि म्हणाले, "घे. फुलासारखी हलकी करून दिलीया. त्या कोपऱ्यापर्यंत ने, बास."

माया होती हो त्यात, मी नाही म्हणत नाही. ह्यांनी दांडा धरला. अंग पुढं टाकलं, आणि गाडी सुळकन् निघाली. चाकांना नुकतंच वंगण घातलेलं. गाडी पुढं, हे तिच्यामागं ओढले जातायत, उजवा पाय मागंच घासतोय. चौथ्या पावलाला हात सुटला. हे गुडघ्यांवर पडले, गाडी पुढच्या लसणाच्या पाटीवर जाऊन आपटली आणि कोथिंबीर रस्ताभर झाली.

कापडी पिशवी घेतलेल्या एक बाई थांबल्या. "आजारी माणसाला गाडीला जुंपलंय. घरच्यांना लाज नसावी."

मी शेजारीच उभी होते, ह्यांची चप्पल हातात घेऊन.

"मीच घरची," म्हटलं. "लाज घरी ठेवून आलेय. तुम्ही खाली बघून चाला, कोथिंबिरीवरून पाय घसरेल."

बाई गेल्या. भाऊजींनी खांद्यावरच्या टॉवेलनं ह्यांचे गुडघे पुसले. हे कुणाकडंच बघेनात. "न्या घरी, वैनी," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "मला बघवत न्हाय." घरी आल्यावर ह्यांनी पँट काढली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

वैशाखाच्या आधीच यंदा नळाचं पाणी आटलं. आमच्या वस्तीत तिसऱ्या दिवशी टँकर येतो. गल्ली अरुंद, म्हणून तो मोठ्या रस्त्यावरच थांबतो. भंगारवाल्याची एक जुनी हातगाडी आहे, तिच्यावर पिंपं ठेवून ज्यानं त्यानं आपलं पाणी आणायचं आणि पाणी उतरलं की गाडी शेजारच्या दारात सोडायची. पुढं त्याची पाळी.

मंडईत पडले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमची पाळी होती, म्हणून मी मेसमधून लवकर आले होते. दोन निळी पिंपं काठोकाठ भरून मी गाडी ढकलत आणत होते, आणि घराच्या अलीकडं चेंबरच्या झाकणापाशी चाक अडकलं. दुपारचे तीन. पायाखाली चटके. दोनदा जोर लावला, गाडी ढिम्म. मदतीला गल्लीत चिटपाखरू नाही. हे दारातून बघत होते. भिंत धरत धरत आले आणि माझ्याशेजारी दांड्याला दोन्ही हात लावले.

"तुम्ही नका. पडाल."

ऐकतील तर ना. ह्यांनी डोकं खाली घातलं, छाती दांड्याला भिडवली आणि रेटा दिला. गाडी झाकणावरून वर चढली, धप्पकन् पलीकडं उतरली आणि चालायला लागली. हे चालत राहिले. मी चार पावलं बरोबर टाकली. मग माझ्या ध्यानात आलं की मी नुसती हात लावून आहे, जोर ह्यांचाच आहे. मी हात काढून घेतला.

उजवा पाय थोडा घासत होता, पण पडत होता जागच्या जागी. कंबर डुगडुगत नव्हती. गाडी ह्यांना मागं रेटत होती, हे गाडीला पुढं रेटत होते, आणि त्या रेटारेटीत माणूस सरळ उभा होता. आमच्या दारापर्यंत एकवीस पावलं. मी मोजली.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही चालताय."

"गप," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कणीक मळताना माझ्या डोक्यात तेच. सैल कणकेवर लाटणं घसरतं, हाताला काही लागतच नाही. घट्ट गोळा असला की मनगट टेकतं आणि पोळी गोल येते. आम्ही सगळ्यांनी ह्यांना हलकं दिलं होतं. हलका वॉकर, हलकी गाडी. बिचारे, म्हणून. मला स्वतःचाच असा राग आला की मी गोळा परातीत आपटला. मथुराकाकू आतून ओरडल्या, "परात आपल्या बापाची नाही, शालन."

मग मी गल्लीत जाहीर करून टाकलं: टँकर येईल त्या दिवशी सगळ्यांचं पाणी आमचे हे आणणार. बायका खूश. एक म्हणाली, "शालनताई, रोज आजारी पडू द्या त्यांना." दोन आठवड्यांत टँकर चारदा आला आणि ह्यांनी चारही वेळा अख्ख्या गल्लीचं पाणी ढकललं. रस्त्यावरून दारी भरलेली गाडी ह्यांनी आणायची, आणि पोरांनी पिंपं रिकामी करून गाडी परत पळवत न्यायची. उजव्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मी हळद लावायची. सहा महिन्यांनी ह्यांच्या अंगाला घामाचा वास आला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. रात्री हे भाकरी मागून खायला लागले.

निकिता मात्र माझ्यावर उखडली. "आई, बीपीचे पेशंट आहेत पप्पा. काही झालं तर? तुला रिस्क कळते का?"

"कळते."

"मग? लोक काय म्हणतील, आजारी माणसाकडून पाणी भरून घेते."

"लोक पाणी पितायत, बोलतील कशाला?"

"जोक नको करू. मंडईत काय झालं ते मला दशरथदादानं सांगितलंय. परत पडले आणि डोकं आपटलं तर?"

रात्रभर तेच उलटसुलट केलं. सकाळी मीच ह्यांना डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले, निकितालाही बरोबर घेतलं. त्यांनी बीपी बघितलं, हाताची ताकद बघितली, ह्यांना टेबल ढकलायला लावलं. म्हणाल्या, "चालू दे. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि धाप लागली की थांबायचं. इतके दिवस घरी काय करत होतात?" मी निकिताकडं बघितलं. ती म्हणाली, "ठीक आहे. पण अक्षय तृतीयेला मंडईत मीही येणार. पाणी आणि गोळ्या माझ्याकडं."

अक्षय तृतीयेला चार दिवस होते. मी मेसमधून निघून एकटीच मंडईत गेले. टोळी सावलीत बसून डबे खात होती.

"भाऊजी, आखाजीला हे येणार. गाडी द्या."

कोंडीरामभाऊजींनी घास खाली ठेवला. "वैनी, मागच्या टायमाला बगितलंय नव्हं?"

"बघितलंय. ह्या वेळी आंब्याच्या बारा पेट्या द्या."

टोळी हसली. आमची गाडी भरते वीस पेट्यांनी. बारा म्हणजे काही कमी ओझं नाही. एकजण म्हणाला, "चार क्रेट कोथिंबीर झेपंना, आन् बारा पेट्या? वैनी, ऊन लागलंय तुमास्नी."

"कोथिंबीर हलकी होती म्हनूनच पडले त्ये," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "तुमी समद्यांनी मिळून माया केली आन् पाडलं. आता जरा जड द्या. जड द्या म्हणते मी! भीक न्हाय मागत, रीत हाय तुमची, त्या रीतीनं द्या."

भाऊजी दशरथकडं बघत होते, मीही. जागा गेली तर त्याचीच जाणार होती. तो डब्याचं झाकण लावत होता.

"दे की मामा," तो म्हणाला. "रीत समद्यांना सारकीच हाय."

भाऊजींनी मोठा श्वास सोडला. "बरं. पर आयका वैनी, माया बंद म्हंजी बंद. टेम्पोपास्नं गाळ्यापर्यंत, आन् गाळ्यापास्नं गाडी परत टेम्पोपाशी आणून लावायची. मधी कुणी हात लावायचा न्हाय. तवा फेरी पुरी. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं, आणि बस पकडायला पळाले.

सणाच्या दिवशी रजा मागायची म्हणजे मथुराकाकूंपुढं उभं राहायची हिंमत पाहिजे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नवरा गाडी ढकलणार. मग तू काय करणार, हिरवा झेंडा दाखवणार?" मी पिठाचे हात पदराला पुसले. "जा. बाराच्या आत परत ये. आमरसाबरोबर मला गार पोळ्या चालत नाहीत." मी दारापर्यंत गेले तर मागून आवाज आला, "आणि त्यांना काही खायला घालून ने, उपाशी नको."

मंडईत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडं बघावं तिकडं आंबे, गवत, पेट्या ठोकल्याचे आवाज. ह्यांनी खाकी पँट घातली होती, कमरेला पट्टा घट्ट. निकिता बाटली छातीशी धरून उभी. टेम्पोतून दशरथनं पेट्या उतरवल्या आणि गाडीवर लावल्या. मी डोळ्यात तेल घालून बघत होते, हा काही खोडी तर करत नाही ना म्हणून. त्यानं बारा पेट्या अशा लावल्या की चारही चाकांवर सारखा भार यावा. दोनदा मागं जाऊन, एक डोळा मिटून तपासलं. मला माझीच शरम वाटली.

ह्यांनी दांडा धरला. जोर लावला. गाडी हलेना. मानेच्या शिरा फुगल्या, उजवा गाल थरथरायला लागला. पुन्हा जोर. हलेना. निकितानं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. ह्यांनी थांबून श्वास घेतला, डावा पाय मागं नेऊन टाचेखाली फरशीची कड शोधली, छाती दांड्यावर टाकली. चाक कुरकुरलं, आणि गाडी निघाली.

गर्दीत हातगाडी न्यायची तर 'बाजू, बाजू' असं ओरडावं लागतं. ह्यांनी तोंड उघडलं. "बा... ऊ!" आला तसा शब्द. पुन्हा, मोठ्यानं, "बा... ऊ!" लोकांना कळलं. सरकले. मी आणि निकिता मागं चालत होतो, टोळी दोन्ही बाजूंनी. कुणी हात लावत नव्हतं, पण सगळ्यांचे हात पुढं आलेले. मधे पाणी जायची पन्हाळ आहे, तिथं पुढची चाकं आत गेली आणि गाडी ठप्प झाली. ह्यांनी गाडी बोटभर मागं घेतली, तिथूनच रेटा दिला आणि पन्हाळ पार केली. एकोणतीस वर्षं रोज पार केलेली ती. शेवटचा कोपरा वळले, गाळ्यासमोर गाडी उभी केली आणि दांड्यावर डोकं टेकवलं.

टोळीनं असा गलका केला की गाळ्यावरचा माणूस बाहेर आला. कोंडीरामभाऊजी डोळे पुसत होते आणि घाम पुसतोय असं दाखवत होते. निकितानं ह्यांना पाणी पाजलं, गोळी दिली. पेट्या भराभर आत गेल्या. मी तर मनात मथुराकाकूंच्या पोळ्यांना लागलेही होते.

"आता रिकामी तेवडी जाग्यावर लाव, तात्या," भाऊजी म्हणाले. "सोपं काम ऱ्हायलं."

मी वळून गाडीकडं बघितलं.

रिकामी गाडी! मी दोन आठवडे भरलेल्या गाडीचा घोर केला. रिकामी म्हणजे सोपी, असंच धरून चालले. परत न्यायला गल्लीतली पोरं होती ना. हलक्या गाडीनं ह्यांना पाडलेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलं होतं, ओरडून सगळ्यांना सांगितलं होतं, आणि कबूल म्हणताना माझ्याच ध्यानात राहिलं नव्हतं.

ह्यांना ते आधीच कळलं होतं. दांड्याला हात लावला तशी गाडी वीतभर पुढं सुटली आणि ह्यांचा गुडघा लचकला. ह्यांनी ती ओढून धरली. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. भीती होती त्या नजरेत, अगदी उघडी.

निकिता पुढं झाली. "निकिता, हात न्हाय," भाऊजी म्हणाले, पण आवाज पडलेला. त्यांच्याही लक्षात आलं होतं. पेट्या परत मागाव्यात तर माल गाळ्यावाल्याचा झालेला. दुसरा माल लादावा तर कुणाचा? मंडईत सगळीकडं ओझीच ओझी, आणि आम्हाला एक मिळेना.

मी माझी पिशवी निकिताच्या हातात दिली. पदर खोचला. चाकावर पाय ठेवला, फळी धरली आणि गाडीवर चढून बसले.

"वैनी! ह्ये काय?"

"काय म्हंजी? बसलीया."

"गाडी रिकामी आणायची असती."

"रिकामी म्हनला नव्हता तुमी. परत आणून लावायची म्हनला व्हता. आन् मधी कुणी हात लावायचा न्हाय. मी लावलाय का हात?" मी दोन्ही हात वर करून दाखवले.

लोक गोळा झाले. कुणी मोबाईल काढला. मागून एक आवाज आला, "काय काकू, डझन कितीला?"

"तुला परवडायची नाही," मी म्हटलं.

हशा पिकला. बोलले मी, पण लाजेनं कानशिलं तापली होती, खोटं कशाला सांगू. भर मंडईत, सणाच्या दिवशी, पन्नाशीची बाई आंब्याच्या गाडीवर पाय सोडून बसलेली. वजन माझं अठ्ठ्याहत्तर किलो. मेसच्या काट्यावर एकदा बघितलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी वाटलं, नव्वद असतं तर बरं झालं असतं.

टोळीतले एकमेकांकडं बघत होते. फेरी धरायची की नाही, हे कुणीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि पहिलं तोंड उघडायला कुणी धजत नव्हतं. दशरथ गाळ्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्याच्या घरीही दोन लेकरं आहेत, मला ठाऊक आहे. त्यानं तोंडावरून हात फिरवला, खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला, चालत गाडीच्या पुढं आला आणि गर्दीवर ओरडला.

"बाजू! बाजू व्हा! तात्याची गाडी येतीया!"

भाऊजींनी खाली मान घातली आणि वाटेतून बाजूला झाले.

माझ्या पाठीमागं दांडा कुरकुरला. ह्यांचा श्वास माझ्या मानेला लागला. गाडी हलली, पण जराशी डावीकडं ओढ घेऊन.

"शालन," मागून आवाज आला. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "मधी सरक. एका... अंगाला भार येतोय."

मी मधोमध सरकले.